वाकडा मॉनिटर घ्यावा का

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि दाजींचा स्वभाव, दोन्ही जरा नरम आले असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही ठणठणीत आहोत (हे पत्रात लिहावंच लागतं, म्हणून लिहिलं). फोनच केला असता, पण तुझ्या भावजयीचे कान स्वयंपाकघरातून माझ्या खोलीपर्यंत पोचतात, आणि हा विषय तिच्यापर्यंत जायला नको.

विषय म्हणजे मॉनिटर. हल्ली बाजारात वाकडे मॉनिटर मिळतात. बिघडून वाकलेले नव्हे, कारखान्यातच मुद्दाम वाकवलेले, आणि वाकवल्याचे वर जास्त पैसे. मला एक घ्यावासा वाटतो, कारण माझा सपाट मॉनिटर कामातून गेलाय. जन्मभर इमारतींचे नकाशे काढतोय, पण हल्ली सरळ काढलेली भिंत मधोमध पोटात कळ आल्यासारखी वाकते. मग मी तिला उलट्या बाजूने थोडा बाक दिला, ती दिसायला सरळ झाली, नकाशा पाठवून दिला. कामावरच्या इंजिनियरचा फोन आला, साहेब, तुमच्या भिंतीला पोट सुटलंय, तिला जरा व्यायाम सांगा. सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो (पगार तिथूनच येतो). मॉनिटर दुरुस्तीवाल्याकडे नेला, तर त्याने पट्टी लावून रेघ सरळ असल्याचं दाखवलं. मला त्याची पट्टीच वाकडी दिसत होती, पण असल्या माणसाशी हुज्जत कोण घालणार.

तिथून तडक दुकानात गेलो. तिथल्या मुलीने एकच नकाशा सपाट आणि वाकड्या अशा दोन्ही मॉनिटरांवर लावला आणि म्हणाली, काका, रेघांचं काम असेल तर वाकडा घेऊ नका, बाक जाणवतो. मी म्हटलं, मला दोन्हींत काडीचा फरक दिसत नाही. चष्मा तपासून घ्या, म्हणाली. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आधी तुमच्या दुकानाच्या दाराची चौकट बदला, केवढी वाकलीय ती. तिने चौकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच खुर्ची पुढे केली. पाणीही आणून दिलं. ताई, गिऱ्हाइकाला इतक्या हळू आवाजात कोणी बसा म्हणत नाही. मला फार भीती वाटली.

तरी वाकडा घ्यावा की सपाट, हे दाजींना विचारून कळव. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ते ठामपणे सांगतात. या पत्राच्या ओळी सरळ आल्यात की नाही, तेवढं मात्र कळवू नकोस.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. दाजींना विचारू नकोस. आत्ता एकेक डोळा झाकून पाहिलं. डावा झाकला की भिंती वाकतात, उजवा झाकला की सरळ होतात. मॉनिटर बिचारा निर्दोष आहे.

ता. क. आणखी एक. बाबांची नजर गेली त्याच्या आदल्या वर्षी दार वाकडं बसवलं म्हणून त्यांनी सुताराला किती वेळा परत बोलावलं होतं, आठवतं? आपण दोघं तोंड दाबून हसत होतो. मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. एकट्याने जायचा धीर होत नाही, तू ये. तुझ्या भावजयीने विचारलं तर सांग, मॉनिटर बघायला चाललोय.