साहेब बसले की बसतो

सूनबाई,

तू दूध आणायला गेलीस तेवढ्यात हे लिहून ठेवतो आहे. माजी सैनिकांच्या व्यायामवर्गाला मी आज अर्धा तास आधी निघालो आहे. गुडघ्याला पट्टा बांधला आहे, काळजी नसावी.

माझ्या तुकडीतला जुना शिपाई गेल्या आठवड्यात तिथे भोवळ येऊन पडला, एवढेच तुला सांगितले. उरलेले सांगण्याचे धैर्य झाले नाही. एक मिनिट झपाझप चालावे आणि शिट्टी झाली की दोन मिनिटे खुर्चीवर बसावे, असा तेथील नियम आहे. मी मात्र अभिमानाने उभाच राहत असे. "बाबा, तिथे पदक मिळत नाही हं," हे तुझे बोलणेही मी हसण्यावारी नेले. मी उभा असताना तो कसा बसेल? शिकवणाऱ्या बाईंनी विनवले, तेव्हा म्हणाला, "साहेब बसले की बसतो, ताई." त्याची शिस्त चाळीस वर्षांनीही अभंग होती. दोष सर्वस्वी माझा.

आज तो परत येणार आहे. त्याच्या खुर्चीशेजारी माझी मांडून ठेवतो. पहिल्या शिट्टीला, सर्वांदेखत, मी आधी बसेन. त्याची क्षमा मागायला मला शब्द सापडत नाहीत. बसणे तेवढे जमेल.

– बाबा