बदामाएवढा बीजकोश

भोर, मार्गशीर्ष वद्य पंचमी, मंगळवार

आज नुसता जळफळाट झाला. हिर्डोशीच्या एका धनगराच्या बायकोच्या जांघेतली गाठ पुण्याहून आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी कापली. हर्निया निघाला, पण पिशवीत आतडं नव्हतंच. चक्क बीजकोश, म्हणजे ओव्हरी! बदामाएवढा. तो पोटात परत सरकवून त्यांनी टाके घातले आणि म्हणाले, "शाबास, नर्सबाई!"

नर्सबाई? आणि मी कोण? मी तिच्या डोक्याशी क्लोरोफॉर्म देत बसलेला. मला तर तो बदाम धड दिसलासुद्धा नाही.

दोन वर्षं मी त्या गाठीला अवधाण, म्हणजे पायाच्या जखमेने जांघेत येणारी सूज, समजून लेप देत होतो. नर्सबाईंनी काय केलं, तर तिला एवढंच विचारलं, "कधी दुखतं गं?" ती म्हणाली, "भाईर बसायची येळ आली की लई ठणकतंय." पाळीशी दुखणं जुळतंय म्हणजे गाठीत बीजकोश असणार, हे बाईंनी तेवढ्यावरून ताडलं आणि डॉक्टरांच्या कानावर घातलं. मला हे ती कधी बोलली नाही. पण मी तिला विचारलं होतं कुठे? बाईचं दुखणं नवऱ्याला विचारायचं, हीच आपली रीत. ती पदर ओढून भिंतीकडे बघत बसायची.

संध्याकाळी मुद्दाम वॉर्डात गेलो. म्हटलं, मलाही विचारता येतं. नर्सबाई तिथेच होत्या, नवरा उशाशी बसलेला. ऐटीत खाटेपाशी उभा राहिलो आणि तोंडातून निघालं, "काय रे, आता दुखतंय का हिला?"

नवरा म्हणाला, "तिलाच इचारा की, डाक्टरसायेब. जागी हाय ती."