ज्येष्ठेचा लाल तारा

९ ऑक्टोबर १९९०, कोपरी
भटजींकडे जाऊन आलो. धाकट्या सुरेशसाठी कळव्याची मुलगी पाहिली आहे. शैला. शाळेत शिकवते. सगळं जुळलं, आणि शेवटी भटजींचं बोट पंचांगावर थांबलं. मुलीचं नक्षत्र ज्येष्ठा. अशी सून आली तर थोरल्या दिराला वाईट. थोरला म्हणजे आमचा दत्ता. रोज खाडीत होडी घालणारा. घरी कुणाला बोललो नाही. 

११ ऑक्टो.
सांगून टाकलं. सौ. भडकली. "अवो, सोन्यासारखी पोरगी, नि तुमी पंचांग घेऊन बसलाय!" सुरेश ताटावरून उठला. दत्ता हसला. "आबा, मला मारायला तारा कशाला पायजे? कंपन्या खाडीत सोडतात ते पाणी पुरे."
मला हसू येईना. माझा थोरला भाऊ माझ्या लग्नानंतर वर्षाच्या आत याच खाडीत... आधी होडी सापडली. मग तो.

१४ ऑक्टो.
शैला आली, भावाला घेऊन. सुरेशने सांगितलेलं दिसतं. तिन्हीसांजेला मला धक्क्यावर नेलं. मुलुंडच्या बाजूला, खाली, एक लालसर तारा.
"काका, ही माझी ज्येष्ठा. म्हातारी झालीय. आतलं जळण संपत आलं, म्हणून एवढी फुगलीय. आपला सूर्य तिच्या पोटात हरवून जाईल. एक दिवस फुटणार."
कधी, म्हटलं.
"उद्या, नाहीतर लाखो वर्षांनी. कदाचित फुटलीही असेल. तिचा उजेड इथे यायलाच शेकडो वर्षं लागतात."
धीट आहे. डोळ्यांत बघून बोलते. मला आवडली. हेच वाईट झालं.

२० ऑक्टो.
डोक्यातून जात नाही. फुटली असेल तर दोष उरतो का? भटजींना विचारलं. म्हणाले, दोष पंचांगात असतो. पंचांग कशावरून करता, विचारलं. तर चिडले. नक्षत्राची शांती करून घ्या म्हणाले, पण हमी देणार नाही.

५ नोव्हें.
रोज धक्क्यावर जातो. तारा दिवसेंदिवस खाली उतरतोय. मनात येतं, फुटू दे एकदाची. पोरगी सुटेल, मी सुटेन. नंतर वाटतं, म्हाताऱ्याने म्हातारीचं मरण मागावं, हे काय चाललंय माझं.

१७ नोव्हें.
तारा नाही! ढग नाही, धुकं नाही, आणि तारा नाही. धावत घरी आलो. फुटली म्हटलं. दत्ता पोट धरून हसला. "आबा, जन्म खाडीवर गेला तुमचा. दर साल तारे बुडतात नि उगवतात." माहीत आहे मला ते. तरी हरखलो होतो.
सगळे पांगल्यावर सौ. जाळं विणता विणता म्हणाली, "माजं नक्षत्र कुणी इचारलं होतं? मला जन्मवार पण ठावं नाय. भावोजी गेले तवा सासूबाई म्हणाल्या, हिच्या पायगुणाने गेला. तुमी गप बसलात."
आजही गप्पच बसलो. इतकी वर्षं हिच्या मनात होतं. माझ्याही मनात होतं का? ते लिहीत नाही.

२९ डिसें.
कळव्याहून निरोप. पुढच्या रविवारी येतो, हो किंवा नाही सांगा. आणखी थांबणार नाहीत. मी काही बोलायच्या आत दत्ता म्हणाला, "येऊ देत. सुपारी मी फोडणार. थोरला मी, मान माझा."

६ जानेवारी १९९१
पहाटे दत्ताबरोबर धक्क्यावर गेलो. ऐरोलीच्या अंगाला लाल ठिपका. दत्तानेच दाखवला. "बघा, तुमची म्हातारी. आली परत."
आज नको जाऊस, म्हटलं.
"पाव्हण्यांना काय घालणार, डाळभात? कोळंबी घेऊन दुपारच्या आत येतो."
होडी गेली. उजाडलं तसा तारा पुसला.

दुपार कलली. ओट्यावर बसून लिहितोय. पाहुणे आत. मध्ये ताट, ताटात सुपारी नि बत्ता. सौ. दोनदा येऊन गेली. "येळ टळतेय. तुमी फोडा." मी म्हटलं, मान दत्ताचा आहे. सुरेश धक्क्यावर गेलाय बघायला.
ओहोटी आहे. होडी चिखलात बसते, उशीर होतो. नेहमीचंच.
शैला आतून उठून आली. माझ्याशेजारी उभी राहिली.
"आबा, ओहोटीला होडी अडकते ना?"
या वेळी ‘काका’ म्हणाली नाही.
हो, म्हटलं, अडकते.
ती खाडीकडे बघते आहे. तिलाही भीती वाटते, हे मला आज कळलं.