खणखणीत वाजणारं हेल्मेट

आबा, तुम्ही माठ निवडायचात तेव्हा मी शेजारी उभी असायचे. बोटाच्या पेरानं ठोकायचं, कान लावायचा. खणखण वाजला तर पक्का, बद्द वाजला तर तडा. माझ्या लग्नानंतर यांनी मोटारसायकल घेतली, तेव्हा तुम्ही नंदुरबारला रस्त्यावरच्या ढिगातून हेल्मेटही असंच ठोकून आणलंत. "महाग कशाले? आयक, कसं वाजी ऱ्हायनं!" मला किती अभिमान वाटला होता तुमचा.

आता तुमची नात रोज स्कूटीवर प्रकाशा गावाहून शहाद्याला दवाखान्यात कामाला जाते. रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर, पपईचे ट्रक. ती म्हणाली, "माय, नवं कशाले? आबानं हेल्मेट शे ना!" काटकसर तिनं माझ्याकडूनच घेतली आहे. तरी पारखून घ्यावं म्हणून तुमचं हेल्मेट पिशवीत घालून मी तिला शहाद्याच्या दुकानात घेऊन गेले आणि तिथली हेल्मेटं एकेक करून ठोकू लागले. सगळी बद्द!

"मावशी, माठनं दुकान तिकडे शे," दुकानदार म्हणाला.

"माय, हात काढ ना," लेक पुटपुटली.

मग त्यानं दोन्हींची अस्तरं ओढून दाखवली. नव्यात जाड थर्माकोल, तुमच्यात नुसतं कापड. "खणखण वाजस म्हणजे मधमा काहीच नई. मार सरळ डोकाले." तिप्पट किमतीचंही त्यानं दाखवलं. मी विचारलं, यानं डोकं तिप्पट वाचतं का? तो हसला. "हलकं शे, हवा लागस, रंग भारी."

तेव्हा माझं मत पक्कं झालं. सरकारी शिक्का, आत जाड थर, गालाला घट्ट बसणं आणि हनुवटीखाली लावलेला पट्टा, एवढं बघावं. त्याच्या वरचे पैसे बहुतेक हौसेचे. पण त्याच्या खाली उतरलो तर ती काटकसर नव्हे, फसगत. देव राखतो हे मी रोज दिवा लावताना म्हणते, पट्टा मात्र आपणच लावायचा. मधल्या किमतीचं घेतलं.

तरी चारच दिवसांत ही पुन्हा तुमचं घालून निघाली. नवं गाल दाबतं म्हणे. शिवाय, "आबाना आशीर्वाद शे यामा." मी दारातच ते काढून घेतलं. रागावले, समजावलं. ती नव्यानं गेली खरी, पण तुमचं पुसून परत खुंटीला टांगून गेली. म्हणजे उद्या पुन्हा तेच.

ती वळणापलीकडे गेल्यावर मी ते ओट्यावर उपडं ठेवलं, नमस्कार केला आणि वरवंटा घातला. दोन-तीन घाव लागतील असं वाटलं होतं. एकातच दुभंगलं, आबा. यांनी अकरा वर्षं ते डोक्यावर घातलं होतं.

लेकीला सांगितलंय, माळ्यावर ठेवताना हातातून निसटलं. ती रडली. तुम्हाला लिहिलेला हा कागद आता चुलीत घालते. तिच्या हाती लागला तर मला जन्मभर बोलेल.