काळा गाभा

दि. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला म्हणून रुसू नकोस; रुसणं हा तुझा जुना धंदा आहे.

इकडे आमच्या इमारतीला नवे कपडे चढताहेत. बाहेरच्या भिंतींवर चकचकीत पॅनेलं बसवताहेत. अ‍ॅल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे, मध्ये कसलासा गाभा. इतकी हलकी की एकटा माणूस काखेत मारून परांचीवर चढतो. घरं तापणार नाहीत म्हणे. काम चौथ्या मजल्यापर्यंत आलंय, आमचा सहावा पुढच्या आठवड्यात. पाय गेल्यापासून यांना काही विरंगुळा नव्हता. आता खिडकीशी खुर्ची लावून दिवसभर कारागिरांच्या चुका काढतात.

गंमत म्हणजे पॅनेलच्या पाठीवर तुझ्याच कारखान्याचा शिक्का आहे. यांनी मुकादमाला ऐटीत सांगितलं की हा माल आमच्या मेव्हण्याच्या हाताखालून गेलाय.

वेळेवर जेवत जा. माझा लोभ आहेच, तुझा पत्रातून कळू दे.

तुझी ताई


दि. ७ फेब्रुवारी

सौ. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचलं तसा लगेच लिहायला बसलो. विचारतो तेवढं कर. पॅनेलचा कापून टाकलेला तुकडा आवारात पडला असेल, तो उचल आणि कडेनं बघ. गाभा पांढरट असेल, खरवडल्यावर भुगा पडत असेल, तर काळजी नाही. काळा आणि मेणासारखा असेल तर ते निव्वळ प्लास्टिक. ते दुकानांच्या पाट्यांसाठी असतं, माणसं राहतात त्या भिंतींसाठी नव्हे.

भाऊजींना इतक्यात सांगू नकोस. उलट टपाली लिही.

तुझा धाकटा


दि. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

काळा आहे. नख रुतलं.

तुझं पत्र मी पिठाच्या डब्यामागे लपवलं, पण यांनी माझा चेहरा वाचला. मग सगळं सांगितलं. मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले तर त्यांनी हसून फाईल उघडली. त्यात तपासणीचा दाखला होता, की हा माल आगीला दाद देत नाही. खाली सही. तुझ्या शाळेच्या वह्या मी तपासल्यात रे, ती सही कुणाची हे मला सांगावं लागत नाही.

का केलीस, हे विचारणार नव्हते. पण विचारतेच. का केलीस?

काम पाचव्यावर आलंय.

ताई


दि. १४ फेब्रुवारी

सौ. ताईस, सा. न. वि. वि.

नोव्हेंबरात पांढऱ्या गाभ्याचा माल संपला. मॅनेजर म्हणाले, दोन्हीकडून पत्रा आहे, फोडून कोण बघतंय, कर सही. दोन दिवस मी टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी दुसरा माणूस आणून उभा केला. मी सही केली. अकरा ट्रक गेले. कुठे गेले ते विचारलं नाही; पत्ता कळला असता तर डोळ्याला डोळा लागला नसता. त्यातला एक तुझ्या दारात निघाला.

आज जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या मागे एक तुकडा पेटवून पाहिला. गाभा वितळून त्याचे थेंब गळायला लागले आणि जमिनीवर पडूनही जळत राहिले. ताई, तुमचे सहा मजले, जिना एकच, आणि भाऊजींची खुर्ची. माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

काय घडलं ते लिहून, खाली सही करून सोबत जोडलंय. ही सही खरी आहे. सभेत वाच. माझं व्हायचं ते होईल. तोवर तळमजल्यावर कुणाकडे तरी राहा, पाया पडतो.

धाकटा


दि. २० फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

काल सभा झाली. तुझा कागद मी उभी राहून वाचला. सेक्रेटरी म्हणाले, भावाची चिठ्ठी बहीण वाचणार आणि आम्ही भिंती उतरवायच्या? काही लोक हसलेही.

तेवढ्यात हे आले. चौघांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं. जिन्याच्या वळणांवर दोनदा टेकवावी लागली. यांनी सगळ्यांना आवारात बोलावलं, चिमट्यात तुकडा धरला आणि पेटवला. जळते थेंब फरशीवर टपटपू लागले तशी पुढची माणसं मागे सरली. मग हे एवढंच बोलले, “मला खाली यायला तेरा मिनिटं लागली. तुकडा तुमच्यासमोर आहे.”

आज सकाळपासून पॅनेलं उतरवताहेत. तरी गॅस पेटवण्याआधी मी खिडकीबाहेर डोकावून भिंत बघून घेते. आणि बाकीचे दहा ट्रक कुठे आहेत रे?

तुझ्यावर रागावलेय, पण तू माझाच आहेस हे विसरू नकोस.

ताई


दि. २७ फेब्रुवारी

सौ. ताईस, सा. न. वि. वि.

नोकरी गेली. निघण्यापूर्वी फाटकावरच्या नोंदवहीतून दहाही पत्ते उतरवून घेतले. नऊ ठिकाणी सहीनिशी पत्रं टाकली.

दहावं प्रसूतिगृह आहे. तिथे पत्र टाकून घरी बसवेना, म्हणून आज स्वतः आलो. चारही मजले चकचकीत, आणि खिडक्यांत दुपटी वाळताहेत. अर्धा तास समोरच्या फुटपाथवर उभा होतो, पाय उचलेना. भाऊजींची आठवण झाली आणि लाज वाटली. रस्ता ओलांडला. पहारेकऱ्यानं काय काम आहे म्हणून विचारलं. म्हटलं, “या भिंतींच्या दाखल्यावर माझी सही आहे. ती खोटी आहे.”

त्यानं आत बसवलंय. हे पत्र तिथल्याच बाकावरून लिहितोय. शेजारी एक बाप बसलाय, तासाभरापूर्वी झालेला. मला विचारत होता की तुमचं कोण आहे आत. काय सांगू?

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय. उठतो. राग ठेव, मायाही ठेव.

तुझा धाकटा