मागच्या आसातलं लॉकर

ती. उत्तमराव भाऊजींस,

अमरावतीहून शेखरचा साष्टांग नमस्कार, तोही उताणा, कारण सध्या माझं बरंचसं आयुष्य गाडीखाली जातं. तुमचा गुडघा कसा आहे? तेल्हाऱ्याची वांगी, झेंडू आणि आमची वच्छलाताई खुशाल असतीलच. (तिन्हींपैकी तक्रार फक्त एकच करते, म्हणून तिची काळजी नाही.) फोनच केला असता, पण तुमचा फोन ताई स्पीकरवर टाकते आणि मग उत्तरं शेजारची दीपमाला देते. म्हणून हे पत्र तुमच्याच भाजीच्या टेम्पोतून पाठवतो आहे. मळ्यातच वाचावं.

माझी ती लाल गाडी तुम्हाला माहीत आहे. तिच्यात मी दुप्पट ताकदीचं इंजिन घातलं, तेव्हा घरात कुणी बोललं नाही, म्हणजे तीन आठवडे माझ्याशी कुणीच बोललं नाही. मागचा आस, म्हणजे चाकं फिरवणारा दांडा, मात्र जुनाच ठेवला. मूर्तिजापूरचं रेल्वे फाटक उघडलं, सगळ्यांच्या पुढे निघावं म्हणून मी रेस दाबली आणि मागून 'कट्ट' असा आवाज आला. इंजिनानं सारं मूर्तिजापूर दणाणून सोडलं, गाडी जागची हलेना. मागचा ऑटोवाला खिडकीशी येऊन म्हणाला, "काका, भजन झालं असंन त चाला ना पुढं!"

अकोल्याच्या प्रीतम मिस्त्रीनं गाडीखाली डोकावून निदान केलं, "छाती पहिलवानाची अन् कंबर नवरदेवाची. मोडन नाई त काय होईन?" मग मुसळासारखे जाड आस आले. आता थोडं शास्त्र ऐका. मागच्या आसाच्या मधोमध भोपळ्याएवढा एक गोळा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, म्हणून तो दोन चाकांत वाटणी करतो. खोड एकच, जे चाक चिखलात नुसतं गरगरत असतं, सगळा जोर तो त्यालाच देऊन टाकतो. (आपल्या भगवंतरावकाकांनी शेताची वाटणी याच तत्त्वावर केली होती.) त्यावर इलाज म्हणून त्या गोळ्यात एक यंत्र बसवतात, म्हणजे दोन्ही चाकं जखडून बरोबरीनं फिरतात. वळणावर ती अशी किंचाळतात की गल्लीतले लोक दारात येतात, पण ते असो. त्या यंत्राला म्हणतात लॉकर.

इथेच घात झाला. लॉकर बसवलं त्या दिवशी नेमकी ताई प्रीतमच्या गॅरेजवर आली होती. तिनं विचारलं, "एवढं काय टाकलं रे मागं?" मी छाती फुगवून म्हटलं, "लॉकर." "मजबूत हाय काय?" म्हटलं, "ट्रकनं ओढलं तरी तुटणार नाही." ताईनं गाडीच्या पाठीवरून हात फिरवला. "बाप्पा! आजवर तुह्या हातून पयल्यांदा अकलेचं काम झालं पाय."

भाऊजी, पन्नाशी उलटल्यावर थोरल्या बहिणीच्या तोंडून असं वाक्य ऐकलेला माणूस चूक दुरुस्त करत बसत नाही. तिनं तिथल्या तिथे ठरवलं की तुमच्या हर्षाच्या लग्नाचे दागिने अकोल्याच्या बँकेतून तेल्हाऱ्याला माझ्याच गाडीच्या लॉकरमधून जायचे. नवरीच्या मामाचा मान! आणि ही बातमी मूर्तिजापूरच्या व्याह्यांपर्यंत पोहोचलीसुद्धा. येत्या गुरुवारी ते जातीनं लॉकर बघायला यायचे आहेत. त्यांना काय गाडीखाली झोपवून भोपळा दाखवू? भर मांडवात मामाची शोभा होईल ती वेगळीच.

बाकी सर्व ठीक. हर्षाला आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
शेखर

ता.क. पत्राचं खरं कारण राहिलंच. तुम्ही मिरचीचं बी ठेवता ती लोखंडी तिजोरी बुधवारच्या आत गुपचूप पाठवा. प्रीतम ती डिकीत नटबोल्टनं बसवून देतो म्हणतो. आणखी एक तो हळूच म्हणाला, "एवढं वजन मागं पडलं, का चाकं आपोआप रस्ता पकडतेत. पयलेच ठेवलं असतं त लॉकरची गरजच नव्हती, साहेब." त्यानं तुम्हाला सांगितलेला नमस्कार मी म्हणूनच कळवत नाही.

ता.ता.क. पाकीट चिकटवताना ताईचा फोन आला. म्हणते, "प्रीतमले म्या त्याच दिवशी इचारलं होतं. लॉकर काय अस्ते ते मले समजते. पण तू व्याह्यायले सांगू नको. पोरीचं सोनं हाय एका डबीभर. लॉकर लागते म्हनलं, का लोक आपल्या मनानं सोनं वाढवतेत."

तेव्हा भाऊजी, तिजोरी पाठवाच. बी काढून घ्या. मग कुलूप लावल्यावर चावी सापडली नाही, तर उत्तमच.