कोळशातून आलेले बुडबुडे

पिंप्राळा, रविवार संध्याकाळ

कोळशातून वायू चिरांच्या दिशेनेच वाहतो, असं कुसुमचं गणित. चुकलं, तर लेकीची वर्षभराची मेहनत फुकट.

इंजिनाच्या कोळशाचा तुकडा तिने नळीत मेणाने घट्ट बसवला, दुसरं टोक पाण्यात. मी छाती भरून फुंकलं. एक बुडबुडा नाही. कुसुमची आई हसली, "सभामा इतली हवा सोडतस, आठे काहीच निंघत नही."

"आबा, हेच हवं होतं. चिरा आडव्या ठेवल्यात," कुसुम म्हणाली. तिने तुकडा फिरवून, चिरा नळीच्या दिशेने करून बसवला. मी जेमतेम फुंकलं आणि बुडबुडेच बुडबुडे. गणित खरं ठरलं.

खाणीत गुदमरणाऱ्यांसाठी मी किती वर्षं गर्जतोय. पण कोळशातून वायू येतो कसा, मी कधी विचारलं? उद्या धुळ्याच्या सभेत मी कमी बोलेन. कुसुम बुडबुडे दाखवेल.